मुलांचे वळण : शाळा आणि घर यांची संयुक्त जबाबदारी

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभ व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण दहावी-बारावीच्या परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार केला. त्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मी मनापासून अभिनंदन करतो. परंतु मंडळाने मला जो विषय दिला आहे, तो समोरच्या रांगेत बसलेल्या या मुलांचा नाही. ज्यांचे नाव आजच्या यादीत नाही, जी याच मुलांबरोबर पहिलीत बसली होती आणि सातवी, आठवी, नववी असे करता करता कुठेतरी गळून गेली, त्या मुलांचा हा विषय आहे. त्यांतली बरीच मुले बुद्धीने कमी नव्हती. ती 'वागायला वाईट' ठरली आणि म्हणून शाळेबाहेर गेली.

मी शिक्षक नाही, शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच. कला शाखेची पदवी घेतलेला, बँकेत लिपिक म्हणून नोकरी करणारा मी एक साधा माणूस आहे. पण वस्तीत चार अक्षरे लिहिता-वाचता येणारा माणूस म्हटला की, "भाऊ, जरा शाळेत येता का माझ्याबरोबर? बाईंनी बोलावलंय," अशी विनंती त्याला वरचेवर होते. त्या निमित्ताने अनेक आईवडिलांबरोबर शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर मी बसलो आहे. त्या बाकावर बसून जे पाहिले आणि त्यावर जो विचार केला, तोच आपल्यापुढे मांडणार आहे.

एका चिठ्ठीचा प्रवास

शाळेतून चिठ्ठी येते, किंवा आता मोबाईलवर निरोप येतो : 'उद्या पालकांना घेऊन यावे, अन्यथा वर्गात बसू दिले जाणार नाही.' चिठ्ठी आली की घरात काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पहिल्यांदा मुलगा ती चिठ्ठी लपवतो. दुसऱ्यांदा गल्लीतल्या एखाद्या मोठ्या मुलाला 'काका' म्हणून शाळेत नेतो. तिसऱ्यांदा मात्र गोष्ट घरी कळते आणि बाप शाळेत जातो.

शाळेत जायचे म्हणजे त्या बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो. आई चार घरची धुणीभांडी करत असेल, तर चारही ठिकाणी तिला बोलणी खावी लागतात. ऑफिसबाहेर तास-दीड तास थांबावे लागते. शिक्षकांचीही अडचण असते. वर्गात साठ मुले, वरून जनगणना, निवडणूक, नाना तऱ्हेची कागदपत्रे. मधल्या सुट्टीत पाच मिनिटे मिळतात. त्या पाच मिनिटांत तक्रारींची यादी वाचली जाते : वर्गात बोलतो, गृहपाठ करत नाही, मारामारी करतो, उलट उत्तर देतो. बाप खाली मान घालून ऐकतो. त्याला वाटते की हे सारे आपल्यालाच ऐकवले जात आहे. लाजेने आणि संतापाने तो तिथेच, सर्वांदेखत, मुलाच्या कानशिलात ठेवून देतो. शिक्षक म्हणतात, "राहू द्या, राहू द्या." घरी गेल्यावर पुन्हा मार बसतो, आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते.

बंधू-भगिनींनो, खरे तर प्रकरण तिथेच सुरू होते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात जातो तेव्हा साऱ्या मुलांनी त्याचा अपमान पाहिलेला असतो. तो अधिक आडमुठा होतो. मग पुन्हा चिठ्ठी, पुन्हा मार. शेवटी नववीत एक दिवस गोड शब्दांत सल्ला मिळतो, "याचा दाखला घेऊन जा, पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा." सतरा नंबरच्या फॉर्मची सोय काही गरजूंसाठी उपयोगाची आहे, ती वाईट नाही. पण ज्याला शाळेत अभ्यास जमत नव्हता, तो शाळेबाहेर राहून कसा करणार? दाखला ट्रंकेत पडून राहतो आणि मुलगा नाक्यावर उभा राहू लागतो.

हे मी कोणत्या एका शाळेबद्दल बोलत नाही. अनेक ठिकाणी हेच घडते. आणि यात खलनायक कोणी नाही. शिक्षक वैतागलेले, बाप शरमलेला, मुलगा चिडलेला. तिघांचेही नुकसान होते, पण आयुष्यभराचे नुकसान एकट्या मुलाचे होते.

हा प्रश्न जुना आहे

शाळेत घातलेले मूल शाळेत टिकत नाही, ही चिंता आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चासंबंधी बोलताना दाखवून दिले होते की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. तेव्हाची कारणे वेगळी होती, आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. पण मुद्दा तोच आहे. शाळेच्या दारातून आत जाणे हे अर्धे काम आणि तिथे टिकणे हे उरलेले अर्धे.

त्याही आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. त्यात त्यांनी शिक्षक कसा असावा हेही सांगितले. शिक्षक शेतकरी-कष्टकरी समाजातून आलेला असावा, म्हणजे तो लोकांत मोकळेपणाने मिसळेल आणि त्यांच्या गरजा व इच्छा समजून घेईल, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकाने लोकांत मिसळावे, ही अपेक्षा एकशे चाळीस वर्षांपूर्वीची आहे. आपण आज 'शाळा-पालक सहकार्य' असे मोठे नाव देतो, त्याचे मूळ इतके साधे आहे.

छडीने काय शिकवले?

आपल्याकडे एक समज खोलवर रुजला आहे. मार दिल्याशिवाय मूल सुधारत नाही, असा तो समज. कित्येक पालक शाळेत जाऊन अभिमानाने सांगतात, "गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं. हाणा त्याला." या वाक्याला आपण सहकार्य समजतो. पण ते सहकार्य नव्हे, तो जबाबदारी झटकण्याचा प्रकार आहे.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली देशातील बालकांच्या छळाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचे आढळले होते. माराने शिस्त येत असती, तर आपला देश जगात सर्वांत शिस्तीचा झाला असता!

मारातून मूल काय शिकते, याचा जरा विचार करावा. ते चूक ओळखायला शिकत नाही, सापडायचे कसे नाही ते शिकते. ज्या सरांच्या हातात छडी, त्यांच्या तासाला वर्ग चिडीचूप, आणि ज्या बाई मारत नाहीत, त्यांच्या तासाला वर्ग डोक्यावर घेतलेला. म्हणजे मूल नियमाला मानत नाही, फक्त ताकदीला मानते. हेच मूल उद्या मोठे झाले की आपल्याहून दुबळ्यावर हात उगारते. पाठीवरचे वळ आठ दिवसांत जातात, पण त्यातून शिकलेला धडा जात नाही.

कायद्याचेही सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई आहे. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची बंदी कायम आहे. ध्यानात घ्या, हे संरक्षण आठवीपर्यंतचे आहे. म्हणूनच नववी हा आपल्या मुलांचा धोक्याचा घाट आहे. तो येण्याआधी त्यांना वळण लागले पाहिजे.

मूल असे का वागते?

वाईट वागणे हे पुष्कळदा दुखण्याचे लक्षण असते. ताप आला म्हणून आपण मुलाला मारत नाही, ताप कशाने आला ते पाहतो. इथेही तसेच करायला हवे.

एक मुलगा सारखा शेजारच्याच्या वहीत डोकावतो, म्हणून शिक्षा खातो. तपासून पाहावे, कदाचित त्याला फळ्यावरचे दिसतच नसेल. एक मुलगी पहिल्या तासाला पेंगते. तिच्या घरी दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असेल. कुणी उपाशीपोटी आलेले असते. कुणाच्या घरी रात्री दारूवरून भांडण झालेले असते आणि ते मूल सकाळी वर्गात येऊन पहिल्या भेटलेल्या पोराशी भांडते.

आणखी एक मोठे कारण आहे, ज्याकडे आपले लक्ष जात नाही. 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता आला नाही. असे मूल पुढे सातवी-आठवीत जाते. समोर पुस्तक उघडे, पण त्यातले काही कळत नाही. रोज पाच-सहा तास असे बसून राहायचे! आपल्यासारख्या मोठ्या माणसाला परक्या भाषेतल्या सभेत अर्धा तास बसवले तरी आपण चुळबुळ करू. ते मूल खोड्या काढते, कारण 'मला येत नाही' असे म्हणण्यापेक्षा 'मी करत नाही' असे म्हणणे त्याला कमी लाजेचे वाटते. त्याला छडीची नव्हे, वाचायला शिकविण्याची गरज असते.

यातली अर्धी माहिती शाळेकडे असते, अर्धी घराकडे. वर्गात काय होते ते शिक्षकांना कळते, पण रात्री घरात काय झाले ते कळत नाही. आईला मुलाचा स्वभाव माहीत असतो, पण तो गणिताच्याच तासाला का बिथरतो ते तिला माहीत नसते. दोन अर्धे तुकडे एकत्र आल्याशिवाय पूर्ण चित्र दिसत नाही. म्हणून दोघांनी भेटले पाहिजे. एकमेकांवर दोषारोप करण्यासाठी भेटून उपयोग नाही, माहितीची देवाणघेवाण झाली पाहिजे.

आणि एक कटू गोष्ट या ठिकाणी बोलणे भाग आहे. कधी कधी मुलाच्या वागणुकीचा निकाल त्याच्या वस्तीवरून किंवा आडनावावरून आधीच लागलेला असतो. "त्या वस्तीतली मुलं अशीच," हे वाक्य माझ्यादेखत उच्चारले गेले आहे. तीच खोडी दुसऱ्याने केली तर 'खट्याळ' आणि आपल्या पोराने केली तर 'वाया गेलेला'. अशा वेळी संताप येणे साहजिक आहे. तिथे शांतपणे पण स्पष्टपणे सांगावे की, मुलाने काय केले ते सांगा, तो कुठला आहे ते सांगू नका. मात्र या अन्यायाची ढाल करून मुलाची खरी चूक झाकणेही तितकेच घातक आहे. शिक्षकांशी भांडून जिंकलेला पालक घरी मुलाला हरवून बसतो.

खेळकर, खोडकर आणि थोर

बाबासाहेबांनी स्वतःच्या बालपणाची एक आठवण सांगितली आहे. साताऱ्यात असताना मुंबईच्या गिरणीत जाऊन काम करावे असे त्यांच्या मनाने घेतले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी लांबवण्याचा त्यांनी तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री ती हाती लागली, पण आत निघाला अवघा अर्धा आणा! त्या प्रसंगानंतर त्यांनी ठरवले की आता मन लावून अभ्यास करायचा. ही आठवण त्यांनी लपवून ठेवली नाही, हे त्यांचे मोठेपण. पण विचार करा, त्या वयातल्या त्या मुलावर कुणी 'चोर' असा कायमचा शिक्का मारला असता तर?

पुढे काय झाले तेही पाहा. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत राहत असताना वडील रामजी सुभेदार पहाटे दोनला मुलाला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी प्रसंगी विवाहित मुलींकडून पैसे उसने आणीत. हे झाले घर. दुसऱ्या बाजूला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याची त्यांनी आपणहून विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे वडिलांची ऐपत संपली, तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून शिष्यवृत्ती मिळवून दिली. बापाने घरी दिवा तेवत ठेवला आणि गुरुजींनी बाहेर वाट दाखवली. दोघांपैकी एकच असता तर? शाळा आणि घर यांचे सहकार्य म्हणजे काय, हे सांगायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडत नाही.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यातही हेच सूत्र आहे. मुलाने आईवडिलांशी कसे वागावे आणि आईवडिलांनी मुलाशी कसे वागावे, शिष्याने गुरूशी आणि गुरूने शिष्याशी कसे वागावे, असे दोन्ही बाजूंचे कर्तव्य तिथे सांगितले आहे. एकट्या मुलालाच कर्तव्य आणि मोठ्यांना मात्र मोकळीक, असे तिथे नाही.

सहीने सहकार्य होत नाही

अन्य देशांनीही या प्रश्नावर विचार केला आहे. इंग्लंडमध्ये शाळांतील बेशिस्तीबद्दल फार ओरड झाली, तेव्हा लॉर्ड एल्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९८९ साली आला. शिक्षकांना सर्वांत जास्त जेरीस आणणारी गोष्ट मोठी हाणामारी नसून रोजची बारीकसारीक गडबड, मध्येच बोलणे, दुसऱ्याला त्रास देणे ही आहे, असे समितीला दिसून आले. पालकांना बरोबर घेण्यावरही तिने भर दिला. पुढे १९९८ च्या कायद्याने तेथील शाळांनी पालकांबरोबर लेखी करारपत्र करण्याची पद्धत आली. २०१६ पासून त्याची सक्ती उठविण्यात आली. यातून मी एवढाच बोध घेतो की, कागदावर सही घेतल्याने दोन माणसे एकमेकांची होत नाहीत.

आमच्या बँकेतले उदाहरण देतो. काउंटरसमोर काही माणसे स्लिप हातात धरून लांब उभी राहतात. लिहिता येत नाही, विचारायची लाज वाटते, आत बसलेला साहेब खेकसेल अशी भीती असते. पहिल्या वेळी कुणी नीट बोलून स्लिप भरून दिली, की पुढच्या महिन्यात तीच मावशी सरळ काउंटरवर येते, वर नातवाची खुशालीही सांगते. शाळेच्या ऑफिसबाहेर बिचकत उभा असलेला पालक हाच माणूस आहे. त्याला मुलाची काळजी नाही असे नाही. त्याला त्या दाराची भीती आहे, कारण लहानपणी त्याच दाराने त्याला बाहेर काढले होते.

आणि दुसरे असे की, ज्या खात्यात कधी पैसे भरलेच नाहीत, त्यातून काढायला गेले तर काय मिळणार? शाळा आणि पालक यांच्यात वर्षभर एक चांगला शब्द जमा होत नाही, आणि भांडणाच्या दिवशी मात्र दोघांना विश्वास काढायचा असतो! म्हणून माझ्या साऱ्या बोलण्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर, तक्रारीची चिठ्ठी येण्यापूर्वी ओळख झाली पाहिजे.

आपण काय करू शकतो?

आता प्रत्यक्ष करण्याजोग्या गोष्टी सांगतो. यांना फारसा पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट. शाळा उघडल्यावर पहिल्या महिन्यातच आई किंवा वडिलांनी वर्गशिक्षकांना एकदा भेटावे. तक्रार नाही, मागणी नाही. "मी अमक्याची आई. तो जरा हट्टी आहे, पण प्रेमानं सांगितलं की ऐकतो. काही असलं तर मला कळवा." एवढे दोन मिनिटांचे बोलणे पुरे.

दुसरी गोष्ट. शिक्षकांना माझी नम्र विनंती आहे की, मुलाची चांगली गोष्टही घरी कळवावी. 'आज याने वर्ग झाडायला मदत केली', 'आज हिने कविता न अडखळता म्हटली', एवढी एक ओळ वहीत लिहून द्यावी. जी आई शाळेचा निरोप म्हटला की घाबरते, ती ही ओळ शेजारणीला दाखवील. आणि पुढे कधी तक्रार आली, तर ती ऐकून घेण्याची तिची तयारी असेल.

तिसरी गोष्ट. शाळेचे नियम थोडे असावेत, साध्या मराठीत असावेत आणि ते ठरविताना मुलांना विचारावे. पाच नियम पुरेत. तेच पाच नियम पालकांच्या सभेत वाचून दाखवावेत. शाळेत 'शिव्या देऊ नयेत' असा नियम आणि घरी बापाच्या तोंडी दर वाक्याला शिवी असेल, तर मुलाने कुणाचे ऐकावे?

चौथी गोष्ट. सभेची वेळ. सकाळी अकराला पालकसभा ठेवायची आणि 'पालक येत नाहीत' असे म्हणायचे, हे बरोबर नाही. रविवारी किंवा संध्याकाळी सभा ठेवून पाहावी. एकेका मुलाची तक्रार भर सभेत कधीही वाचू नये, ती एकांतात सांगावी.

पाचवी गोष्ट. चूक घडलीच, तर शिक्षक, पालक आणि मूल या तिघांनी एकत्र बसावे. प्रथम मुलाला काय म्हणायचे आहे ते पूर्ण ऐकावे. नेमके काय घडले, कोणत्या दिवशी, त्याआधी काय झाले, हे विचारावे. मग एकच सुधारणा ठरवावी. दहा गोष्टी एकदम सांगितल्या तर एकही होत नाही. 'पंधरा दिवस वेळेवर येणे' एवढेच ठरवा. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटा, आणि ते पाळले असेल तर त्याच्यासमोर कौतुक करा. ज्याचे नुकसान केले त्याला भरपाई करून देणे, फाडलेली वही नवी आणून देणे, माफी मागणे, ही खरी शिक्षा. दोघांनी मिळून ठरवावे की हात उगारायचा नाही, शाळेतही नाही आणि घरीही नाही.

सहावी गोष्ट घरासाठी. मुलासमोर शिक्षकांना नावे ठेवू नयेत. पटत नसेल तर शाळेत जाऊन बोलावे. झोपण्याची वेळ ठरलेली असावी. अभ्यासाच्या दोन तासांत टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि तो नियम मोठ्यांनाही लागू. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना जरूर वाचाव्यात, पण आपल्या किंवा दुसऱ्याच्या मुलाची तक्रार तिथे मांडू नये. चव्हाट्यावर मांडलेली अब्रू परत घडी करून ठेवता येत नाही. ज्या मातांना वाचता येत नाही, त्यांनीही रोज दप्तर उघडून "आज काय शिकवलं, सांग मला," असे विचारावे. ते विचारायला शिक्षणाची अट नाही.

सातवी गोष्ट आपल्या हक्काची. याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, अशी तरतूद आहे. कलम २४ प्रमाणे मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्यच आहे. म्हणजे शाळेत जाणे ही मेहेरबानी मागणे नव्हे. पण आपल्यापैकी किती मातांना ठाऊक आहे की त्या समितीत बसण्याचा आपल्याला अधिकार आहे? नाव द्या, निवडून या, सभेला जा. बोलता आले नाही तरी चालेल, पहिल्या दोन सभा नुसते ऐका. तिसऱ्या सभेत तुम्ही आपोआप बोलाल.

मंडळाला एक विनंती

शेवटी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, ते चालू ठेवावेच. त्याबरोबर एक वही घालावी. वस्तीतील पाचवी ते नववीच्या प्रत्येक मुलाचे नाव, शाळा, आणि तो नियमित जातो की नाही, एवढे तीन रकाने. विहाराच्या सभागृहात संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका चालवावी आणि वाचनात मागे पडलेल्या मुलांना कॉलेजच्या मुलामुलींनी रोज अर्धा तास वाचायला शिकवावे. ज्या घरी चिठ्ठी येईल, त्या घरच्या माणसाबरोबर मंडळाच्या एका कार्यकर्त्याने शाळेत जावे, भांडायला नव्हे, सोबत म्हणून. आणि पुढच्या वर्षी या व्यासपीठावर पहिल्या क्रमांकाबरोबर, वर्षभर शाळा न चुकवणाऱ्या आणि स्वतःचे वागणे सुधारलेल्या एखाद्या मुलाचाही सत्कार करावा. शिक्षक दिनाला वस्तीतर्फे शाळेत जाऊन गुरुजनांचे आभार मानावेत. त्यांच्याही वाट्याला तक्रारीच जास्त येतात.

बँकेत एका प्रकारचे संयुक्त खाते असते, ते दोघांच्या सहीशिवाय चालत नाही. एकाने कितीही सह्या केल्या तरी रक्कम मिळत नाही. आपले प्रत्येक मूल हे असे खाते आहे. एक सही घराची, एक शाळेची. आजपर्यंत आपण पुष्कळदा एकाच सहीवर काम भागवायला पाहिले आणि मूल रिकाम्या हाताने परतले. यावर्षी जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा चिठ्ठीची वाट न पाहता प्रत्येकाने एकदा शाळेची पायरी चढावी, एवढीच कळकळीची विनंती करतो.



जयभीम! जय भारत!